भानगडींची वर्गणी आणि ब्लाउजची पाठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाचकांच्या पानावर एका निवृत्त गृहस्थांचं पत्र होतं. ‘पदरचे पैसे मोजून, वर्षावर्षाची वर्गणी भरून नटनट्यांच्या भानगडी घरपोच मागवणाऱ्या बायका’ अशी त्यात एक ओळ होती. पुढे ‘ही आपली संस्कृती नव्हे’ असंही होतं. मी नागपूरच्या महाल भागात राहते. १९८३ पासून ब्लाउज शिवते. त्या बायकांपैकी मी एक आहे, आणि माझी वर्गणी कधी थकली नाही, म्हणून हे उत्तर.

आमचे हे एम्प्रेस मिलमध्ये होते. मिलचा पगार कसा लांबत गेला ते महाल-इतवारीतल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे, मी नव्यानं सांगत नाही. माहेरून, उमरेडहून, शिलाई मशीन आणली आणि पुढच्या खोलीत मांडली. पहिल्याच दिवाळीत एक पोरगी मासिकातला फाडलेला फोटो घेऊन आली. “वहिनी, अशी बाही पाहिजे, एकदम अशीच.” बाही कशी ते मला फोटोवरून कळलं, आणि गिऱ्हाईक कुठून येतं तेही त्याच फोटोवरून कळलं. माझ्या गल्लीत तेव्हा शिवणाऱ्या तिघी होत्या. फोटो कोणाकडेच नव्हते. सीताबर्डीच्या फुटपाथवर जुने अंक मिळत, तिथून चार-सहा उचलले. मग दोन वर्षांनी हिंमत करून पहिली मनीऑर्डर केली. हिंदी साप्ताहिक होतं. नागपूरच्या माणसाला हिंदीचं काही वाटत नाही, ती आमच्या घरात वावरतेच.

आमच्याकडे मासिक कोणी म्हणत नाही, पुस्तक म्हणतात. “टेलरवहिनीकडे पुस्तक आलं का?” अशी चौकशी व्हायची. पोस्टमन भाऊ अंक देताना वरच्या कागदाच्या पट्टीतून मुखपृष्ठावर कोण आहे ते वाकून पाहून घ्यायचे. त्यांनी एखादा अंक दोन दिवस उशिरा आणला की मी समजायची, पोस्टात कोणीतरी वाचून राहिलं असेल. मी कधी बोलले नाही. माझ्याकडे येऊन तरी पंधरा जणी फुकट वाचायच्याच.

आता मुद्द्याचं. फॅशनची चांगली, गुळगुळीत मासिकं असताना मी भानगडींचंच का मागवलं, असं कोणी विचारेल. शिवणाऱ्या बाईला विचारा. फॅशनच्या मासिकात मॉडेलला नीट उभं करून फोटो काढतात. ब्लाउज सैल असला तर मागून चिमटे लावतात. समोरून कसा चापून बसलेला दिसतो. गिऱ्हाईक नेमकं त्यावर बोट ठेवतं आणि ते आमच्या जिवाशी येतं, कारण गिऱ्हाइकाच्या पाठीला चिमटे लावून तिला लग्नाला पाठवता येत नाही. भानगडीच्या मासिकातला फोटो तसा नसतो. कोणाच्या तरी पिक्चरचा मुहूर्त असतो, नाहीतर पार्टी असते. नटी हात वर करून कोणाला तरी बोलावत असते, वाकून ताट घेत असते, पाठमोरी उभी असते. काखेत घडी पडलेली दिसते. बाही दंडात रुतलेली दिसते. खांद्यावरून अस्तर डोकावतं. त्या घडीवरून मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, किती खोल कापला आहे ते मला कळतं, आणि पुढचे टक्स, म्हणजे फिटिंगसाठी घातलेल्या चिमट्या, कुठे चुकल्या तेही. मुंबईच्या भारी टेलरचंही चुकतं, हे मला भानगडींच्याच पानांवर कळलं. त्यानं फार धीर आला.

खाली मजकूर असायचा, ती कोणाबरोबर आली, कोणाला टाळून गेली. मी आधी मुंढा पाहायची, मग मजकूर वाचायची. वाचायची मात्र नक्की. इथे कशाला खोटं बोलू?

१९९४ ची गोष्ट सांगते. ‘हम आपके हैं कौन’मधली माधुरीची ती जांभळी साडी आठवत असेल. साडी एक वेळ गांधीबागेत मिळत होती, खरी पंचाईत ब्लाउजची होती, पाठच नव्हती त्याला. थेटरात जाऊन पाहावं तर ती नाचत असते, एका जागी थांबत नाही. त्या सीझनला माझ्याकडे चौदा जांभळे ब्लाउज आले. प्रत्येक पोरीची आई सोबत. पोरगी म्हणणार “काकू, सेम टू सेम,” आणि आई मागून खुणा करणार की पाठ झाका. एक आई तर म्हणाली, “झाकली पाहिजे बाप्पा, पण उघडी दिसली पाहिजे.” तेव्हा मी इतवारीतून अंगाच्या रंगाची जाळी आणली आणि पाठीला ती लावली. लांबून उघडी, जवळून झाकलेली. दोघी खूश. तो उपाय माझ्या डोक्यातून निघाला नव्हता. एका पार्टीच्या फोटोत दुसऱ्याच एका नटीच्या पाठीवर प्रकाश पडून जाळीची शिवण चमकली होती, ती मला दिसली होती.

(या मासिकांवर माझा एकच राग आहे. साडी नेसणारीचं नाव मोठ्या अक्षरात, शिवणारीचं कुठेच नाही. मुमताजची ती केशरी, आधीच चुण्या शिवलेली साडी भानू अथैयांनी केली. बाई आपल्या कोल्हापूरच्या. १९८३ साली ऑस्कर घेऊन आल्या, भारतातल्या पहिल्याच. तेव्हा कुठे लोकांना कळलं की हे काम करणारं कोणी असतं.)

घरात विरोध झाला नाही असं नाही. पण तो संस्कृतीवरून नव्हता. फुटपाथवरून मी इंग्रजी ‘स्टारडस्ट’चेही जुने अंक आणायची, फोटोंसाठी. हे अमिताभचे भक्त. एके दिवशी दहा-बारा अंक चाळून म्हणाले, “यात अमिताभ काहून नाही?” आम्हाला काय माहीत. नंतर कळलं की सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पंधराएक वर्षं त्या मासिकाचं आणि त्याचं वाकडं होतं. त्यांनी त्याचा फोटो छापायचा नाही, त्यानं त्यांच्याशी बोलायचं नाही. ह्यांनी सरळ निकाल दिला, “ज्यात अमिताभ नाही ते पुस्तक या घरात नको.” मी म्हटलं, अमिताभ ब्लाउज घालत नाही. तेवढ्यावर ते प्रकरण मिटलं. २०१८ च्या डिसेंबरात तो शूटिंगसाठी नागपुरात आला, किती दिवस राहिला, सगळं शहर त्याला पाहायला धावत होतं. तेव्हा हे नव्हते.

माझी पोरगी महालातल्याच मराठी शाळेतली. तिचं इंग्रजी कच्चं म्हणून शिकवणी लावायची ऐपत नव्हती. ती मला ‘स्टारडस्ट’मधलं ‘नीताज् नॅटर’ हे भानगडींचं सदर मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मराठीत सांगायची. ते इंग्रजी गमतीचं होतं, मध्येच हिंदी शब्द घुसायचे, त्यामुळे तिला भीती वाटली नाही. डिक्शनरी घेऊन बसायची, कारण कोणाचं कोणाशी बिनसलं हे कळल्याशिवाय झोप यायची नाही. धड्यासाठी तिनं कधी डिक्शनरी उघडल्याचं मला आठवत नाही. आज ती बँकेत आहे. नोकरी त्यामुळेच लागली असं मी म्हणणार नाही, अभ्यास तिनं केला. पण इंग्रजीची धास्ती कुठे गेली ते मला ठाऊक आहे.

आता संस्कृतीचं. पत्रलेखक काकांना एवढंच सांगते की हा धंदा कोणी बाहेरून आणून आपल्या डोक्यावर लादलेला नाही. १९३५ पासून ‘फिल्मइंडिया’ काढून भल्याभल्या नटांची आणि निर्मात्यांची खरडपट्टी काढणारे बाबूराव पटेल आपलेच. ‘स्टार अँड स्टाइल’मध्ये लिहून अख्ख्या फिल्म इंडस्ट्रीला घाम फोडणारी देवयानी चौबळ मराठी. ऑक्टोबर १९७१ मध्ये ‘स्टारडस्ट’चा पहिला अंक निघाला, राजेश खन्नानं गुपचूप लग्न केलं का, असं विचारत. मालक नारी हिरा, पण संपादनाला बसली होती २३ वर्षांची शोभा राजाध्यक्ष, म्हणजे आजच्या शोभा डे. खन्नाचं लग्न झालं १९७३ च्या मार्चमध्ये, डिंपलशी. म्हणजे अंक दीड वर्ष आधीच लग्न लावून मोकळा झाला होता. भानगड आधी छापायची आणि ती खरी व्हायची वाट पाहायची, हे तेव्हापासून चालत आलंय.

आणि आपल्या नागपुरात काय वेगळं आहे? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उभे राहा, मारबतींच्या, म्हणजे बाईच्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातली बांकाबाई, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली, हे मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ऐकते. खरं काय, तिची बाजू काय, कोणी विचारलं? एका बाईची एक गोष्ट शंभरावर वर्षं ढोल वाजवून गल्लीबोळातून नेतात आणि शेवटी जाळतात. सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, असतात, त्यांच्यावर ज्याची त्याची सालभराची कुलंगडी लिहिलेली. मला मारबत आवडते, मी दरवर्षी दारात उभी राहते. पण ती पाहून घरी येऊन कोणी मला म्हणू नये की दुसऱ्यांच्या भानगडी चघळणं आपल्यात नाही.

यात वाईट काही नाही असं मात्र मी म्हणत नाही. ऑगस्ट १९९७ ला पॅरिसमध्ये डायना गेली, मागे फोटोवाले लागले होते. त्या महिन्याचा अंक आला तो मी बरेच दिवस उघडला नाही. आपण ज्या फोटोंचे पैसे देतो ते असे निघतात, हे तेव्हा टोचलं. नंतर उघडला. माणूस आहे. पण श्रीदेवी गेली, २०१८ च्या फेब्रुवारीत, तेव्हा बाथटबमध्ये उतरून दाखवणारे कोण होते? ते भानगडींचं मासिक नव्हतं, बातम्यांचं चॅनेल होतं. ते घराघरात फुकट लागलेलं होतं, त्याची वर्गणी कोणी लपवून भरली नव्हती. मासिकवाल्यांना निदान एक महिना थांबावं लागायचं, तोवर राग-लोभ जरा निवायचा.

खर्चाचं म्हणाल तर त्यांनी माझी वही पाहावी. अंकामागे एक ब्लाउज जास्त आला की वर्गणी सुटते. पुढे बोलत नाही.

माझ्याकडे एकतीस वह्या होत्या. अंकातली कात्रणं खळीनं चिकटवून त्यांची विभागणी केली होती. नटीच्या नावानं नाही, गळा, बाही, पाठ अशी. मटका गळा एकीकडे, चौकोनी एकीकडे, फुग्याची बाही, कटोरी, प्रिन्सेस कट सगळं वेगवेगळं. कात्रणाच्या मागे कोणत्या तरी भानगडीचा अर्धा मजकूर राहायचा. एक ओळ मला अजून आठवते, “यह सुनते ही वह सेट छोड़कर” आणि पुढे कात्री. कोण, कशासाठी, काही कळलं नाही. तीस वर्षं झाली असतील.

त्या वह्या एका लोखंडी पेटीत घालून मी लेकीकडे ठेवल्या होत्या, कारण आमच्या जुन्या घराला वाळवी. लेक अंबाझरी लेआउटमध्ये तळमजल्यावर राहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते आपल्याच अंकात छापून आलं होतं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरात शिरली. लेक, जावई, नातू सुखरूप निघाले, याहून जास्त मागू नये. पेटी चौथ्या दिवशी उघडली. आत चिखलाचा एकच गोळा होता, खळीमुळे पानं अशी बसली होती की वेगळी होईनात.

म्हणून त्या हिवाळ्यात, वय विसरून, मी परत वर्गणी भरली. रेशीमबागेत एक प्रदर्शन होतं. टेबल टाकून बसलेला पोट्टा म्हणाला, “मावशी, तीन वर्षांचे चोवीसशे, वर ट्रॉली बॅग फ्री.” मी दिले. बॅग त्याच दिवशी मिळाली. तिचं एक चाक वर्धेच्या स्टेशनावर निघालं. अंक छत्तीस यायचे होते, अकरा आले. बाराव्याची वाट पाहिली, पोस्टात दोनदा चक्कर मारली, पोस्टमन भाऊंना उगीच बोलले. मासिकाचं नाव लिहीत नाही. शेवटी लेकीनं फोन लावला तेव्हा पलीकडून सांगितलं की छापील अंक बंद झाला, तुमची वर्गणी मोबाइलवर वळवली आहे, अ‍ॅप टाका. आम्हाला न विचारता! अ‍ॅप टाकलं तर ते कार्डाचा नंबर मागायला लागलं. नातवानं घातला. महिनाभरात बँकेचा मेसेज, उद्या तुमच्या खात्यातून पैसे जातील.

इथे लेकीची बँक कामाला आली. अशी आपोआप रक्कम कापायची असेल तर निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं, १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, आणि त्या मेसेजवरूनच ते थांबवता येतं. तिनं थांबवलं. मग तिनं मला सांगितलं की ग्राहकाला वर्गणीत अडकवून बाहेर पडायची वाट लपवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या नियमावलीत फसव्या प्रकारांच्या यादीत आहे. तेरा प्रकार आहेत म्हणे. एवढ्या प्रकारांनी फसवता येतं हेच मला नवीन.

मी १९१५ ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. तक्रार लिहून घेतली, नंबर दिला. हिशोब मी स्वतः केला. चोवीसशेला छत्तीसनं भागलं तर अंक ६६ रुपये ६७ पैशांना. पंचवीस अंक राहिले, म्हणजे १,६६६ रुपये ६७ पैसे. तिकडून एका साहेबाचा फोन आला, म्हणे मॅडम बॅगची किंमत वजा होईल. मी म्हटलं, चाकासकट पाठवा, मग वजा करा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हेही त्यांना ऐकवलं. लेकीनं कागदावर लिहून दिलं होतं. साडेतीन महिन्यांनी १,६६६ रुपये आले. ६७ पैसे त्यांनी ठेवून घेतले.

त्याच टेबलावर माझ्या डोळ्यांदेखत आणखी सात-आठ जणींनी पावत्या फाडल्या होत्या. त्यांनी हे वाचलं तर पावती शोधावी आणि फोन करावा. आणि संपादक महोदय, राग मानू नका, पण कूपन कापा, चिकटवा आणि बादली न्या, ही योजना आपणही चालवता. मला मिळालेली बादली चांगली आहे, अजून वापरते.

“मोबाइलवर काय वाईट आहे, काकू?” असं आजच्या पोरी विचारतात. सांगते. हाताला खडू लागलेला असताना स्क्रीन विझते. फोटो मोठा केला की कपड्याचा पोत जातो. आणि आता नट्या स्वतःच आपले फोटो टाकतात, घासूनपुसून, कंबर आत घेऊन. त्यात काखेतली घडीच नसते. घडी नसलेल्या ब्लाउजवरून मी काय कापू? परवा एक नवरी आली, एक फोटो दाखवून म्हणाली अशी फिटिंग पाहिजे. मी पाहिलं तर त्या बाईच्या मागच्या दाराची चौकटही कमरेपाशी आत वळली होती.

तर माझी विनंती अशी. आता फुग्याची बाही परत आली आहे आणि गिऱ्हाईक नव्वदीच्या काळचे नमुने मागून राहिलं. माझ्या वह्या तर गेल्या. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, दिवाणात, सासूबाईंच्या कपाटात १९८५ ते २००० च्या दरम्यानची सिनेमाची मासिकं पडली असतील, कोणत्याही भाषेतली, तर रद्दीवाल्याला देण्याआधी आपल्या कार्यालयात माझ्या नावानं कळवावं. माझा पत्ता आपल्याकडे आहे. किलोमागे रद्दीवाल्यापेक्षा पाच रुपये जास्त देईन. मुखपृष्ठ नसलं तरी चालेल. पार्टीच्या फोटोंची पानं मात्र शाबूत पाहिजेत. आणि ‘यह सुनते ही वह सेट छोड़कर’ याच्या पुढचं पान कोणाला सापडलं, तर त्याचे वेगळे पैसे देईन.

आपली,
एक वर्गणीदार
महाल, नागपूर